कमी सामान, भरलेल्या डब्या: ट्राउट फ्लाय बांधणीच्या प्रकल्प नोंदी

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया. जानेवारी ते एप्रिल २०२५

११ जानेवारी, शनिवार

काम ठरलं. २९ मार्चला पेनसिल्व्हेनियात मुलांचा ट्राउट दिवस आहे. सोळा वर्षांखालची मुलं त्या दिवशी मोठ्यांना सोबत घेऊन, मोसम उघडायच्या आठवडाभर आधीच, सरकारने ट्राउट मासे सोडलेल्या ओढ्यांवर गळ टाकू शकतात. इथल्या मराठी घरांतली बरीच मुलं यायचं म्हणताहेत. त्यानंतरच्या शनिवारी, ५ एप्रिलला, मोसम सगळ्यांना खुला. तोवर फ्लायच्या, म्हणजे गळावर बांधलेल्या खोट्या किड्यांच्या, दोन डब्या भरायच्या आहेत: एक मोठी, मुलांची, एक लहान, माझी, इथल्या स्प्रिंग क्रीक ओढ्यासाठी.

मुलांची डबी भरून वाहायला हवी, यावर मी ठाम आहे. मुलं फ्लाय झाडात अडकवतात, दगडात तोडतात, आणि त्यांनी खुशाल तोडाव्यात. दुकानात एक फ्लाय दोन-तीन डॉलरला पडते. तेवढ्याची वस्तू फांदीला लटकली की बाबांचा चेहरा उतरतो, तो मुलाला बरोबर दिसतो, आणि पुढच्या खेपेला ते मूल हात आखडून फेकतं. हात आखडला की लाइन उलगडत नाही, फ्लाय पायाशी पडते आणि मासा काही मिळत नाही. त्यापेक्षा खिशात हात घालून दुसरी फ्लाय काढून देता आली पाहिजे.

आई फोनवर विचारत होती, नक्की काय बांधतेस म्हणून. तिला सांगितलं तेच इथे लिहिते. गळाच्या दांडीवर दोरा, पिसं, लव, तार असं काहीबाही गुंडाळून पाण्यातल्या किड्याचा भास उभा करायचा, म्हणजे फ्लाय. गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. नुसतं सोंग, पण ट्राउटला पटलं पाहिजे असं.

स्वतःला घालून घेतलेला नियम: गळ, मणी आणि दोरा सोडून एका फ्लायला जास्तीत जास्त तीन जिन्नस. एक फ्लाय पाच मिनिटांच्या आत उतरली पाहिजे. यात न बसणारी फ्लाय या वर्षी नाही, कितीही देखणी असली तरी.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगुळाचं आटोपल्यावर रात्री सामान काढून टेबलावर मांडलं.

गळ १२, १४ आणि १६ नंबरचे, थोडे १८ चे. (नंबर वाढतो तसा गळ लहान होतो.) मणी टंगस्टनचे: १४ च्या गळाला २.८ मिलिमीटर, १६ ला २.३. मुलांच्या फ्लायला पितळेचे चालतील का, याचा बराच विचार केला, कारण टंगस्टन महाग आहे. पण पितळेची घनता साडेआठच्या आसपास आणि टंगस्टनची एकोणीसच्या वर, म्हणजे त्याच आकाराचा मणी दुपटीहून जड. मार्चमधल्या गार पाण्यात ट्राउट तळाला चिकटून असतो, अन्नासाठी वर उठायला तयार नसतो. फ्लाय त्याच्या तोंडापर्यंत खाली गेलीच नाही तर पैसे वाचवून काय उपयोग? टंगस्टनच.

शिशाची तार मात्र बाद. शिसं वजनदार खरं, पण ही लहान मुलं फ्लाय हाताळणार, मधेच सँडविच खाणार. बिनशिशाची तार मिळते, थोडी हलकी पडते, दोन वेढे जास्त घ्यायचे.

दोरा एकच: ७० डेनियर. नऊ हजार मीटर दोऱ्याचं वजन ७० ग्रॅम, इतका तो बारीक. रंगही दोनच ठेवले, गडद तपकिरी आणि नारिंगी. रंग बदलायला बॉबिन (दोऱ्याचं रीळ धरणारं नळीचं अवजार) सोडा, दुसरी ओवा, यात वेळ जातो, म्हणून दोन बॉबिन कायम ओवून तयार.

१८ जानेवारी, शनिवार

सुरुवात वॉल्ट्स वर्मने. ही फ्लाय पेनसिल्व्हेनियाचीच. अल्टूना भागातल्या वॉल्ट यंग यांनी १९८० च्या दशकात बांधली, क्रेन फ्लाय नावाच्या किड्याच्या अळीसाठी. मूळ कृतीत आहे काय? गळ, वजनाची तार, दोरा आणि सशाच्या तोंडावरची करडी लव. बस. शेपूट नाही, पाय नाहीत, पंख नाहीत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती गळावर अडकलेला कचरा वाटते.

पण स्प्रिंग क्रीकवर तिच्याइतकी विश्वासाची फ्लाय मला दुसरी माहीत नाही, आणि त्याचं कारण पाण्यात आहे. आमची ही निटनी दरी चुनखडीची. जमिनीखालून झरे येतात, त्यांचं पाणी बाराही महिने दहा अंश सेल्सियसच्या आसपास असतं, आणि त्यात चुना भरपूर. त्यामुळे वनस्पती माजतात आणि त्यांत स्कड नावाचे लहान कोलंबीसारखे जीव आणि चपटे क्रेस बग खच्चून भरलेले असतात. पंखवाले किडे येतात आणि जातात, हे मात्र वर्षभर तिथेच. दगडाखालून उपटलेली शेवाळाची मूठ पांढऱ्या बशीत झटकून पाहावी. करडे, राखाडी-हिरवे, वाकडे होऊन आडवे पोहणारे जीव बशीभर पळतात. सशाची लव हुबेहूब त्याच रंगाची, आणि केस सुटे सोडले की पाण्यात तशीच वळवळते.

आजची कृती. मणी ओवलेला गळ व्हाइसमध्ये, म्हणजे गळ धरून ठेवणाऱ्या चापात. बिनशिशाच्या तारेचे सहा-सात वेढे, ती मण्याच्या मागच्या खळग्यात ढकलायची म्हणजे मणी हलत नाही. तार आधी तुकडे करून ठेवायची नाही. रिळावरूनच गुंडाळायची आणि टोक नखाने तोडायचं. दोरा लावून गळाच्या बाकापर्यंत न्यायचा. मग लव. समईची वात वळतात तशी ती बोटांत घेऊन दोऱ्याभोवती एकाच दिशेने वळायची, शेपटीकडे बारीक आणि मण्याकडे किंचित जाड. मण्यामागे व्हिप फिनिशची गाठ. जुन्या टूथब्रशने दोनदा खरडून केस मोकळे करायचे.

सगळं इथे लव किती घ्यायची यावर आहे. चिमटीत दिसेल न दिसेल एवढीच घ्यायची, आणि मग तिची निम्मी परत ठेवून द्यायची. लव जास्त झाली की ती दोऱ्यावर नीट बसत नाही, निसटते, पुन्हा वळावी लागते. पातळ लव पहिल्याच वळणात धरते. म्हणजे फ्लाय सडपातळ ठेवली की ती लवकर होते, लवकर बुडते आणि जास्त टिकते. तिन्ही फायदे एकाच गोष्टीतून.

२५ जानेवारी, शनिवार

आज फोनवर घड्याळ लावून बसले. एका फ्लायमधला वेळ नक्की कुठे जातो ते बघायचं होतं. दोरा गुंडाळण्यात फार थोडा जातो. सगळा जातो तो मधल्या फटींत: कात्री उचलणं, कात्री ठेवणं, मणी शोधणं, लवेच्या पिशवीचं तोंड उघडणं, दिव्याकडे वाकून पाहणं.

दुपारी ओळखीचे एक गृहस्थ आले. सत्तरी ओलांडलेले. तरुणपणापासून दुकानांसाठी डझनाच्या भावाने फ्लाय बांधत आलेत. हे गावच अशा लोकांचं आहे. इथल्या पेन स्टेट विद्यापीठात जॉर्ज हार्वी यांनी १९४७ मध्ये मासेमारीचा रीतसर क्रेडिटचा वर्ग सुरू केला, त्यांच्यानंतर जो हम्फ्रीज यांनी तो चालवला, आणि त्या दोघांच्या हाताखालून गेलेली किती तरी मंडळी अजून या दरीत फ्लाय बांधतात. हे गृहस्थ त्यांतलेच.

मी दोन फ्लाय बांधल्या. ते गप्प बसून बघत होते. मग म्हणाले, "तू कात्री किती वेळा खाली ठेवलीस, मोजलंस का?" त्यांनी माझी कात्री घेतली, एक कडी अनामिकेत अडकवली, पाती तळहाताबाहेर ठेवून मूठ अलगद मिटली आणि त्याच हाताने दोरा गुंडाळून दाखवला. कात्री शेवटपर्यंत हातातच. कापायचं आलं की अंगठा दुसऱ्या कडीत, काम झालं की अंगठा बाहेर. सुरुवातीला पाती टोचतील असं वाटत राहतं, अर्ध्या तासात सवय होते.

दुसरं त्यांनी दाखवलं ते दोऱ्याचं. बॉबिनच्या नळीपासून गळापर्यंत दोन-तीन सेंटिमीटरच दोरा सोडायचा. माझा वीतभर लोंबत असे. दोरा आखूड असला की वेढा लहान फिरतो, जिथे हवा तिथेच पडतो आणि ताणही हातात राहतो.

तिसरं, तारेचं. तांब्याची बारीक तार कापायला कात्री वापरायचीच नाही. ती ताणून धरून गोल गोल फिरवायची, ती मुळाशीच तुटते आणि टोकही वर राहत नाही. कात्रीची धारही वाचते.

जाताना म्हणाले, "हात भरभर हलवायच्या भानगडीत पडू नकोस. हात उचलणं कमी कर."

२ फेब्रुवारी, रविवार

पूर्वतयारीचा दिवस. आज एकही फ्लाय बांधली नाही आणि तरी सगळ्यांत जास्त काम आज झालं असं वाटतंय.

सगळ्या गळांचे बार्ब, म्हणजे टोकाजवळचे उलटे काटे, पकडीने दाबून सपाट केले. मुलांच्या बोटात, कानात, टोपीत गळ रुतणार हे गृहीत धरावं. बार्ब नसला की तो आल्या वाटेने निघतो. माशालाही तेच सोयीचं. बार्ब दाबताना गळ हातात असतोच, तेव्हाच मणी ओवायचा आणि गळ चुंबकाच्या बशीत टाकायचा. मण्याचं भोक एका बाजूला लहान आणि दुसऱ्या बाजूला मोठं असतं. लहान भोक गळाच्या नेढ्याकडे.

सशाच्या लवेत थोडी राखाडी खारीची लव मिसळून कॉफी दळायच्या जुन्या यंत्रात फिरवली. मोसमभर पुरेल एवढी एकदम केली, म्हणजे सगळ्या फ्लायना रंग एक. (हे यंत्र फक्त याच कामाचं, कॉफीचं वेगळं आहे.)

तितराच्या मानेची पिसं आकाराप्रमाणे तीन डब्यांत लावली. हे काम कंटाळवाणं आहे, पण एका फ्लायसाठी योग्य लांबीचं पीस शोधायला लागणारा वेळ फ्लाय बांधायच्या वेळाहून जास्त होता. आता नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

फेझंट टेल निम्फ. (निम्फ म्हणजे किड्याची पाण्यातली, पंख फुटण्याआधीची अवस्था.) ही फ्लाय मूळची इंग्लंडची, विल्टशरमधल्या एव्हन नदीची. फ्रँक सॉयर त्या नदीचे राखणदार होते. अख्खं आयुष्य नदीकाठी काढलेला माणूस, आणि त्यांच्या फ्लायमध्ये ते दिसतं. जिन्नस दोन: नर फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार. दोरासुद्धा नाही. तारच दोऱ्याचं काम करते, तीच वजन देते आणि तीच तंतूंमधून अधूनमधून चमकते. एका वस्तूकडून तीन कामं करून घेतलेली आहेत.

सॉयर यांनी पाय बांधले नाहीत, तेही आळसाने नव्हे. पोहणारी निम्फ पाय अंगाशी घट्ट धरते, हे त्यांनी पाण्यात पाहिलं होतं. म्हणून पाय नकोत. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. दुकानांतल्या पुष्कळ फ्लायवर पाय, डोळे, चकाकी असं सगळं लावलेलं असतं, आणि ते बांधायला वेळ खातं. किड्याकडे नीट पाहिलं की त्यातलं निम्मं गळून पडतं.

माझी पद्धत: तारेने आधी छातीच्या जागी छोटा उंचवटा. शेपटीचे चार तंतू एकत्र धरून टोकांची शेपूट, गळाच्या दांडीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकी. उरलेले तंतू तारेसोबत पीळ देऊन पुढे गुंडाळायचे. पीळ महत्त्वाचा, कारण नुसते तंतू ट्राउटच्या बारीक दातांनी दुसऱ्या माशाला तुटतात. शेवटी तेच तंतू छातीवरून मागे-पुढे दुमडून पाठीची पेटी, आणि तार फिरवून तोडली.

मुलांसाठी मण्याच्या केल्या, त्यांत छातीचा उंचवटा लागत नाही. माझ्या डबीत सॉयर यांच्या पद्धतीच्या, १६ नंबरच्या.

डझनाच्या हिशोबाने बांधायचं, हेही आजपासून पक्कं. आज फेझंट टेल तर फक्त फेझंट टेल, आणि तीही एकाच नंबरची. पहिल्या दोन-तीन फ्लायमध्ये हात शोधत असतो. चौथीपासून तंतू किती घ्यायचे, तार कुठे थांबवायची हे बघावं लागत नाही. व्हाइसच्या शेजारी एक चांगली उतरलेली नमुन्याची फ्लाय बुचात खोचून ठेवते. प्रमाण बिघडतंय असं वाटलं की तिच्याकडे बघायचं, पट्टी घेऊन मोजत बसायचं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

पार्ट्रिज अँड ऑरेंज. नारिंगी दोऱ्याचं अंग आणि तितराचं पीस, संपलं. उत्तर इंग्लंडच्या नद्यांवरची फार जुनी फ्लाय. पेनसिल्व्हेनियात अशा मऊ पिसांच्या फ्लाय रुजवल्या त्या ॲलनटाउनच्या जेम्स लायझनरिंग यांनी.

पिसाचे वेढे दोन, त्याहून जास्त नाहीत. दीड असला तरी चालतं. दाट पीस पाण्यात छत्रीसारखं अडून बसतं. विरळ असलं तर प्रत्येक तंतू सुटा हलतो आणि प्रवाह त्याला जिवंत करतो. पिसांची आधीच वर्गवारी केलेली असल्याने आज एकेक फ्लाय दोन-अडीच मिनिटांत उतरत होती. गाठ मारायच्या आधी दोऱ्यालाच झटपट गोंदाचा एक ठिपका लावते आणि मग व्हिप फिनिश. डोक्यावर वेगळं वार्निश लावणं आणि वाळवत ठेवणं वाचतं, आणि नेढ्यात गोंद भरतही नाही. नेढं बुजलेली फ्लाय नदीकाठी, गारठलेल्या बोटांत फार छळते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

स्प्रिंग क्रीकवर चाचणी. हा ओढा वर्षभर खुला आहे, पण मासा परत सोडायचा ही अट. कारण दुःखाचं आहे: कारखान्याच्या सांडपाण्यातून केपोन आणि मायरेक्स ही कीटकनाशकं पाण्यात आणि माशांत उतरली, म्हणून १९८२ पासून इथला मासा घरी नेता येत नाही. मासा कुणी नेईना, सरकारनेही बाहेरून ट्राउट आणून सोडणं थांबवलं, आणि इथल्या इथे जन्मणारे ब्राउन ट्राउट इतके वाढले की आज हा पूर्व अमेरिकेतल्या नावाजलेल्या ओढ्यांत आहे.

काठावर बर्फ, पाण्यावरून वाफ. वॉल्ट्स वर्म १४ नंबर, तिच्या वर हातभर अंतरावर १६ ची फेझंट टेल. तळाशी लागेल न लागेल अशी वाहू दिली. पहिला ट्राउट दगडामागच्या संथ पट्ट्यात, वर्मवर. वीतभराहून मोठा, पिवळसर पोट, लाल ठिपक्यांभोवती फिकी निळी कडी. ओला हात त्याच्या पोटाखाली धरला, गळ मागे ओढला, निघाला. मासा पाण्याबाहेर काढावाच लागला नाही. त्यानंतरचेही बहुतेक वर्मवरच आले.

घरी येऊन त्या फ्लाय भिंगाखाली पाहिल्या. वर्मची लव दातांनी ओढून निघालेली, केस चारही बाजूंना विस्कटलेले, आणि खालची तार एका जागी दिसत होती. शेवटचे मासे याच अवस्थेतल्या फ्लायवर आले होते. म्हणजे लव एवढी कमी असूनही चालते! पुढच्या डझनाला आणखी पातळ.

१ मार्च, शनिवार

ग्रिफिथ्स नॅट. मोरपिसाचा एक तंतू आणि त्यावरून फिरवलेलं काळं-पांढरं हॅकल, म्हणजे कोंबड्याच्या मानेचं पीस. नाव जॉर्ज ग्रिफिथ यांचं. १९५९ मध्ये मिशिगनला ऑ सेबल नदीकाठच्या त्यांच्याच घरी ट्राउट अनलिमिटेड या संस्थेची सुरुवात झाली. पाण्यावर पुंजक्याने बसलेल्या बारीक मिज किड्यांसाठी ही फ्लाय, १८ नंबर आणि त्याहून लहान.

मोरपिसं इथल्या दुकानातून घेतली. भारतातून ती बाहेर नेण्यावर बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. तंतू दाट लवेचे निवडून घ्यावेत. एकटा तंतू नाजूक, म्हणून तो दोऱ्याभोवती पिळून मगच गुंडाळते.

ही फ्लाय मुलांच्या डबीत नाही. एवढ्या लहान गळाला दोरी बांधणं त्यांना जमणार नाही आणि पाण्यावर ती दिसणारही नाही. माझ्यासाठी थोड्याच केल्या.

८ मार्च, शनिवार

आज घरी मुलं आली, स्वतःच्या फ्लाय स्वतः बांधायला. त्यांच्यासाठी ग्रीन वीनी ठेवली होती. पोपटी रंगाची शेनील, म्हणजे मखमली लोकरीसारखी जाड दोरी, तिचा शेपटीकडे एक छोटा फास आणि तीच पुढे गुंडाळून अंग. एकच जिन्नस. पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या लोकांनी हिला डोक्यावर घेतलंय आणि सोडलेल्या ट्राउटवर ती उत्तम चालते. पोपटी रंगाचा असा कोणता किडा असतो, याचं उत्तर बरेच जण झाडांवरून पाण्यात पडणाऱ्या हिरव्या अळ्यांकडे बोट दाखवून देतात.

आठवीतल्या एका मुलीचे पहिलेच वेढे सुबक पडले. दुसरी फ्लाय बांधताना ती म्हणाली, "मावशी, गाठ मारण्याआधी दोरा कापायचाच नसेल तर कात्री हातात कशाला?" बरोबर होतं. या फ्लायला कात्री फक्त शेवटी दोनदा लागते, एकदा शेनीलला आणि एकदा दोऱ्याला. मग आम्ही क्रम बदलला. सगळ्यांनी आपापल्या गळांवर शेनीलचे आधीच कापलेले तुकडे मांडून ठेवले, प्रत्येक बोटाएवढा. त्यानंतर व्हाइसवर फक्त गुंडाळणं आणि गाठ. लहानग्यांनीही पटापट केल्या. एकाने फास एवढा मोठा ठेवला की फ्लायला कान आल्यासारखं दिसत होतं. त्याला तीच आवडली, तीच ठेवली.

मुलांना व्हिप फिनिशचं अवजार दिलं नाही. दोन बोटांनी अर्धगाठी शिकवल्या, तीन-चार लागोपाठ मारायच्या आणि वर गोंदाचा ठिपका मी लावला. तेवढ्याने भागतं.

१५ मार्च, शनिवार

वूली बगर, तीही इथलीच. पेनसिल्व्हेनियाच्या रसेल ब्लेसिंग यांनी १९६७ च्या सुमारास बांधलेली. मॅराबू पिसांची शेपूट, शेनीलचं अंग, वरून हॅकल. तीन जिन्नस, नियमात बसते. वेळ हॅकलमध्ये जातो, म्हणून मुलांच्या बगरना हॅकल लावलंच नाही. शेपटीचं मॅराबूच सगळी हालचाल करतं. मॅराबू कात्रीने कापून सरळ करायचं नाही. टोकं नखाने खुडायची, म्हणजे ती मऊ राहतात.

एल्क हेअर कॅडिसवर मात्र अडले. ॲल ट्रॉथ यांची १९५७ ची ही फ्लाय मला मनापासून आवडते, पण तार, हॅकल, लव आणि एल्कचे केस मिळून चार जिन्नस होतात. तिच्या जागी नेदरलँड्सच्या हान्स वाइलेनमान यांची सीडीसी अँड एल्क घेतली. बदकाच्या शेपटीजवळच्या तेलग्रंथीभोवतीचं एकच पीस टोकाकडून बांधून गुंडाळलं की अंग आणि पाय दोन्ही त्यातूनच होतात. वरून हरणाचे केस. दोन जिन्नस, आणि पाण्यावर बसते ती कॅडिस किड्यासारखीच. केसांची टोकं जुळवण्याआधी बुडाची लव बारीक कंगव्याने पूर्ण काढावी. ती राहिली की केस एकमेकांना धरून बसतात, ठोकून ठोकून जुळत नाहीत, आणि सगळा वाचवलेला वेळ तिथे जातो.

२३ मार्च, रविवार

मोजदाद नाही केली, पण मुलांच्या डबीत फ्लाय खोचायचा फोम दिसेनासा झालाय. प्रत्येक फ्लाय हातात घेऊन पाहिली: नेढं मोकळं आहे का, बार्ब दाबलेला आहे का, मणी फिरतो का. मणी फिरणाऱ्या थोड्या निघाल्या, त्या मण्यामागे पुन्हा दोरा घालून घट्ट केल्या.

वेळेचं सांगायचं तर वॉल्ट्स वर्म आता दोन मिनिटांच्या आसपास होते. जानेवारीत तीच पाच घेत होती. माझी बोटं काही तेव्हापेक्षा भरभर चालत नाहीत.

२९ मार्च, शनिवार

ओढ्यावर सकाळी आठ. राज्याचं मत्स्य खातं दरवर्षी तीस लाखांहून जास्त ट्राउट सोडतं, त्यांतले काही आज आमच्यासमोर होते. पाणी थोडं चढलेलं, पण गढूळ नव्हतं.

ग्रीन वीनीने दिवस मारून नेला. आठवीतल्या त्या मुलीला स्वतः बांधलेल्या फ्लायवर रेनबो ट्राउट लागला, तेव्हा ती ओरडलीच नाही. दोरी धरून नुसती माझ्याकडे बघत राहिली. कान असलेली फ्लाय तिसऱ्याच फेकीला सिकॅमोरच्या फांदीत गेली. त्याच्या बाबांनी वर चढायची तयारी चालवली, तोवर पोराने डबीतून दुसरी उचलली होती. दुपारपर्यंत डबीतली मोठी पोकळी दिसू लागली आणि कुणाच्याही चेहऱ्यावर त्याचं काही नव्हतं.

वॉल्ट्स वर्म खोल पट्ट्यात चालली, वूली बगर दोघा मोठ्या मुलांना. फेझंट टेलकडे सोडलेल्या माशांनी फारसं लक्ष दिलं नाही. पुढच्या वर्षी मुलांसाठी ती निम्मीच करायची, त्या वेळात वीनी वाढवायच्या.

उद्या पाडवा. गुढीच्या काठीसाठी शोधाशोध करताना रॉडच्या नळीकडे बघून घरात चर्चा झाली. नाही म्हणून सांगितलं.

६ एप्रिल, रविवार

काल मोसम उघडला. गर्दी सोडलेल्या ओढ्यांवर होती, म्हणून स्प्रिंग क्रीकवर आज निवांत गेले. ढगाळ हवा, दुपारी ब्लू-विंग्ड ऑलिव्ह नावाचे किडे निघाले. ट्राउट पृष्ठभागाच्या जरा खाली, पाठ दाखवत खात होते. पार्ट्रिज अँड ऑरेंज १६ नंबर, प्रवाहाला आडवी सोडून शेवटी वर उठू दिली की झटका बसत होता. दीड वेढ्याची फ्लाय दोन वेढ्यांच्या फ्लायपेक्षा स्पष्ट सरस ठरली. माझ्या डबीतल्या बाकीच्याही तशाच विरळ करून घ्यायच्या: उलगडायची गरज नाही, एका बाजूचे तंतू खुडले की झालं.

मेच्या मध्यापासून सल्फर नावाचे किडे येतील, संध्याकाळी, फिके पिवळे. त्यांच्यासाठी हीच फ्लाय पिवळ्या दोऱ्यात, १४ आणि १६. पिवळ्या दोऱ्यासाठी तिसरी बॉबिन घ्यावी लागेल. तितराची मधल्या आकाराची पिसं संपत आलीत, तीही मागवायची. गळांचे बार्ब आजच रात्री दाबून ठेवते.